वर्षाला चार व्होल्ट

बाईंनी मीटरच्या दोन्ही सुया सॉकेटच्या भोकांत घातल्या, आकडा स्थिर व्हायची वाट पाहिली आणि इंजिनाच्या धडधडाटावरून ओरडून म्हणाल्या, "एकशे अठ्ठ्याहत्तर!"

"बरे आहेत की," काका म्हणाले.

"दोनशे तीस पाहिजेत, काका."

"मशीनचं वय बघा ना. या वयात एकशे अठ्ठ्याहत्तर म्हणजे तब्येत ठणठणीतच म्हणायची."

बाईंचं गावात मोटार वायंडिंगचं दुकान होतं. वय चाळिशीचं, डोक्याला घट्ट रुमाल, खांद्याला हत्यारांची पिशवी. समोरचा माणूस काय बोलतो यापेक्षा मीटर काय बोलतो ते ऐकायची त्यांना सवय होती. काकांच्या विनोदाचा मान राखायचा म्हणून त्यांनी ओठांचा एक कोपरा हलवला आणि खिशातल्या चिटोऱ्यावर आकडा लिहून घेतला. तो असा लिहून घेतलेला काकांना मुळीच आवडला नाही.

तेवढ्यात तंबूचे दोर ओलांडत धाकटे मालक आले. नाटक कंपनी त्यांच्या वडिलांची. कंपनीच्या ट्रंकांवर झोपून हे लहानाचे मोठे झालेले, त्यामुळे जनरेटरवाल्या काकांना ते काकाच म्हणत आणि काकांच्या बायकोला काकू. मग सगळी कंपनीही तसंच म्हणू लागली होती.

"काही कळलं का, बाई?"

"आत्ता तर आलेय. बघते."

"बघा बघा. साडेसहाला पहिली घंटा आहे. काल दुसऱ्या अंकात पुन्हा आवाज गेला. राजकन्येचं नुसतं तोंड हलतंय आणि लोक शिट्ट्या मारतायत!" मालक काकांकडे वळले आणि त्यांचा सूर जरा खाली आला. "काका, वाईट वाटून घेऊ नका. पण आज जमलं नाही, तर उद्यापासून बाहेरचं मशीन येईल. त्यांचा माणूस त्यांच्यासोबतच असतो. तुम्ही मग... घरी जाऊन मस्त आराम करा. खूप केलंत तुम्ही."

काका हसले. म्हणजे दात दाखवले. घर म्हणजे चारशे किलोमीटरवर कुलूप लावून ठेवलेल्या दोन खोल्या. कंपनी वर्षातले दहा महिने गावोगाव हिंडायची आणि काकू कंपनीची राजकन्या होती. काका घरी, काकू मैदानात, असा तो मस्त आराम असणार होता. एकतीस वर्षांत दोघं एका आठवड्याच्या वर कधी लांब राहिले नव्हते.

आता गोम अशी होती, की मशीनला काय झालंय हे त्या अख्ख्या मैदानात एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि तो माणूस म्हणजे काकाच.

कंपनीची पाच-सहा नाटकं होती, पण लोक गर्दी करायचे ते राजकन्येच्या नाटकाला. सतरा वर्षांची राजकन्या महालाच्या खिडकीतून उडी मारते, दोराच्या शिडीवरून पळते, तीन अंक सगळ्यांना पळवते आणि शेवटी राज्य वाचवते. हे काम काकू तीस वर्षं करत होत्या. तेरा वर्षांपूर्वी, त्यांना पंचेचाळिसावं लागलं त्या आठवड्यात, पहिल्या रांगेतला एक टवाळ मोठ्यांदा म्हणाला होता, "राजकन्येला नातवंडं किती?" रांगेत हशा पिकला. काकूंनी प्रयोग पुरा केला, पण त्या दिवशी रंग उतरवताना त्या आरशासमोरून लवकर उठल्या नाहीत. काका राहुटीच्या दाराशी उभे राहून पाहत होते. बायकोच्या वयाचं काकांना काही करता येण्यासारखं नव्हतं. व्होल्ट मात्र त्यांच्या हातात होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जनरेटरच्या काळ्या डब्यातला बारीक स्क्रू अंमळ फिरवला. फक्त चार व्होल्ट. रंगमंचावरचे मोठाले दिवे किंचित पिवळसर झाले, मऊ पडले. कुणाच्या लक्षातही आलं नाही. काकूंच्या डोळ्यांखालच्या दोन रेघा मात्र गेल्या. पुढच्या वाढदिवसाला काकांनी आणखी चार उतरवले. लोक वाढदिवसाला काही ना काही देतात, काका चार व्होल्ट काढून घेत. असे तेरा वाढदिवस झाले. अंधार इतक्या बेताबेतानं आला की सगळ्या कंपनीला तोच उजेड वाटू लागला.

यंदा मात्र धाकट्या मालकांनी आवाजाची नवी पेटी आणली. जुन्या भोंग्यांना काहीही चालायचं. ही पेटी नाकानं कांदे सोलणारी निघाली. एकशे नव्वदच्या खाली वीज मिळाली की एखादा अंक कशीबशी चालायची, मग तांबडा दिवा लावून गप्प बसायची. काल पहाटे काका स्क्रूड्रायव्हर घेऊन डब्यापाशी गेलेही होते. चार-पाच वर्षांचे व्होल्ट परत चढवले की पेटीचं तोंड बंद, नव्हे, उघडं. पण एका रात्रीत बायकोला चार-पाच वर्षांनी म्हातारी करायला त्यांचा हात धजावला नाही. आले तसे परत गेले.

तर इकडे आड, तिकडे विहीर. दोष सापडला तर काकूंचं वय चव्हाट्यावर, नाही सापडला तर काका घरी. मधे ही रुमालवाली बाई, आणि तिला काम येत नसावं अशी काकांची मनापासून प्रार्थना चालली होती.

पण बाईंना काम येत होतं.

त्यांनी आधी तंबूचा मोठा खटका पाडून सगळे दिवे, पंखे तोडले. मीटर लावला. एकशे अठ्ठ्याहत्तर.

"भार काढला तरी तेवढेच. म्हणजे ओझं जास्त झालं असं नाही."

"इंजिनच दमलंय," काका म्हणाले. "फेरे कमी पडत असतील. मी तर रोज म्हणतो."

बाईंनी फिरत्या दांड्यावर फेरे मोजायचं यंत्र रोखलं. "मिनिटाला पंधराशे. एक इकडे नाही, एक तिकडे नाही. घड्याळ लावावं असं चालतंय, काका. इंजिनाची निगा कोण ठेवतं?"

"मीच," काका म्हणाले आणि आपण खूश झालो याचा त्यांना रागच आला.

"हात आहे तुमचा."

इंजिन बंद झालं. मैदानातली शांतता एकदम जवळ आली. तंबूत कुणीतरी खुर्च्या मांडत होतं, हार्मोनियमवाला कुठलीशी भरड तान घेत होता. बाईंनी पाना काढला, तोच त्यांची नजर मशीनवरच्या गोल काचेकडे गेली. आत काटा दोनशे तीसवर ताठ उभा होता.

"इंजिन बंद आहे ना?"

"आहे की."

"मग हे दोनशे तीस कुठून येतायत?"

"तो काटा पहिल्यापासून स्थिर स्वभावाचा आहे," काका म्हणाले.

या वेळी बाई खरोखर हसल्या. काचेवर टिचकी मारली. काटा ढिम्म. त्यांनी काच काढून नाकाजवळ धरली, हुंगली आणि काट्याच्या टोकाला बोट लावलं. बोटाला पिवळट डिंक लागला. नाटकात खोट्या मिशा ज्यानं चिकटवतात, तो. त्यांनी बोट रुमालाला पुसलं आणि काकांकडे जरा जास्त वेळ पाहिलं. काकांनी आभाळाकडे पाहिलं. आभाळात काही नव्हतं.

मग त्यांनी मागचं झाकण काढून कार्बनचे ब्रश तपासले. अजून निम्म्याहून जास्त शिल्लक होते. ब्रश ज्या कड्यांवर घासतात त्या कड्या त्यांनी बारीक कागदानं उजळल्या, फुंकर मारली, मऊ फडक्यानं पुसल्या. इतकं नीट काम काकांनी बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं. आपलं पितळ उघडं पाडायला निघालेल्या बाईला ते नकळत बॅटरी धरून उजेड दाखवत होते. वायरींची टोकं, नट, सगळं आवळून झालं. पुन्हा इंजिन चालू. पुन्हा मीटर. एकशे अठ्ठ्याहत्तर.

"मशीनच टाकाऊ झालं म्हणायचं," काका म्हणाले, आणि लगेच त्यांना उद्याचं बाहेरचं मशीन आठवलं. "म्हणजे तसं टाकाऊ नाही. मजबूत आहे. पण..."

"काका, तुम्हाला हे दुरुस्त व्हायला हवंय की नकोय?"

काकांनी बॅटरी या हातातून त्या हातात घेतली. इतका सरळ प्रश्न त्यांना दिवसभरात कुणी विचारला नव्हता.

बाईंनी इंजिन बंद करून काळा डबा उघडला. इंजिनावर भार कमी-जास्त झाला तरी व्होल्ट धरून ठेवायचे हे त्या डब्याचं काम, आणि किती धरायचे ते ठरवणारा स्क्रू आत एका कोपऱ्यात. स्क्रू हलू नये म्हणून त्याच्या डोक्यावर रंगाचा ठिपका देतात. इथे ठिपका नव्हता, ढेप होती. वरून डाळिंबी. बाईंनी पात्यानं हळूच खरवडलं. डाळिंबीखाली गुलाबी. गुलाबीखाली तपकिरी. त्याखाली लाल, मग पुन्हा गुलाबी, मग चमचमणारा जांभळा.

"नेलपॉलिश?"

काकांची पाचावर धारण बसली.

"दर खेपेला थोडं खाली केलंय आणि वरून शिक्का मारलाय," बाई म्हणाल्या. त्यांनी ढेप बोटांवर घेतली, कडेनं पाहत थर मोजायला लागल्या. "दहा... अकरा..."

"तेरा," काका म्हणाले. "मोजू नका. तेरा आहेत."

आणि मग जे तेरा वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं, ते त्यांनी या तासाभराच्या ओळखीच्या बाईला सांगून टाकलं. त्या टवाळाचं, आरशाचं, चार-चार व्होल्टचं. सांगताना त्यांचे कान तापले. बाई उकिडव्या बसून ऐकत होत्या, हातात स्क्रूड्रायव्हर तसाच.

"आणि काकूंना ठाऊक आहे?"

"छे! तिला कसं सांगणार? तुझं वय झाकतोय म्हणून?"

"विचारलं तरी होतं का, झाकू का म्हणून?"

"विचारायचं काय त्यात? बायकांना..." काका थांबले, कारण समोर बाईच बसली होती. "तिला राजकन्या फार प्रिय आहे हो. जीव आहे तिचा. ते काम गेलं तर ती खंगेल."

बाईंनी कपाळ खाजवलं. "एक करता येईल. एकशे पंच्याण्णववर ठेवते. पेटी चालेल. दिवे थोडेच उजळतील. मालकांना म्हणेन, जुनं मशीन आहे, याच्यावर जाणार नाही. खोटं बोलायला मला आवडत नाही, पण हे अर्धंच आहे."

काकांचा जीव भांड्यात पडला. "पोरी, तुझं भलं होवो," ते म्हणाले. तुम्हीवरून तूवर कधी आले ते त्यांनाही कळलं नाही.

"कुणाचं भलं चाललंय?"

तंबूच्या कनातीमागून काकू येत होत्या. चालणं सावकाश, एक हात कनातीच्या दोरावर. अजून रंग लावला नव्हता. गुडघ्यांवर पट्टे आवळलेले होते आणि हातात चहाचा थर्मास. जनरेटरपाशी कुणी पाहुणं आलं की चहा घेऊन यायचं हा त्यांचा शिरस्ता होता. त्या वाकल्या, थर्मास डब्याशेजारी ठेवला, आणि तशाच वाकलेल्या राहिल्या.

"हा माझा डाळिंबी रंग," त्या म्हणाल्या.

काकूंनी बाईंच्या बोटावरून ती ढेप उचलली, उन्हात धरली. "हा गुलाबी तर नदीकाठच्या मुक्कामातला. बाटली हरवली म्हणून मी सखीचं काम करणाऱ्या पोरीवर डाफरले होते. आणि हा जांभळा... अहो, हा जांभळा मी एकदाच लावला होता. तुम्हीच म्हणालात, शोभत नाही." त्यांनी डब्याकडे पाहिलं, स्क्रूकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. तीस वर्षं नाटकात काम केलेल्या बाईला चेहरा वाचायला किती वेळ लागणार? "काय केलंत तुम्ही?"

काकांनी सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं सोपं जाईल असं त्यांना वाटलं होतं, पण ते पहिल्यापेक्षा अवघड गेलं. शेवटची वाक्यं तर त्यांनी आपल्या चपलांनाच सांगितली.

सांगून झाल्यावर ते वाट पाहू लागले. आता ती रडेल. नाहीतर बोलणं टाकेल. मागे एकदा साडेतीन दिवस टाकलं होतं.

काकू हत्यारांच्या पेटीवर मटकन बसल्या. त्यांचे खांदे हलू लागले. काका घाबरून पुढे झाले तर काकू हसत होत्या. आधी आवाज न करता, मग मोठ्यांदा, मग इतक्या मोठ्यांदा की तंबूतला हार्मोनियमही थांबला. डोळ्यांतून पाणी आलं तरी हसू थांबेना.

"म्हणजे तुमच्यामुळे होय!" त्या दम खात म्हणाल्या. "अहो, सहा वर्षं मी त्या मालकाच्या पोराच्या मागे लागलेय, अरे मला राजमाता दे. त्या सखीच्या पोरीला राजकन्या दे, तिला सगळं पाठ आहे, ती झोपेतसुद्धा म्हणते. तर हा म्हणतो, काकू, मी रोज समोरून बघतो ना, रंगमंचावर तुम्ही सतराच्याच दिसता! मला वाटायचं, तोंडदेखलं बोलतोय. मग रंगभूषावाल्याला विचारलं. तोही तेच. म्हटलं माझी काया झिजत नाही की काय! आणि गुडघे तर ओरडून सांगतायत. दोन-दोन पट्टे बांधून खिडकीतून उड्या मारतेय मी सत्तावन्नाव्या वर्षी, आणि का, तर माझा नवरा इथे बसून माझं वय चिमटीनं काढून घेतोय!"

"मला का नाही बोललीस?" काकांचा आवाज फाटला. "एका शब्दानं तरी."

काकूंचं हसू ओसरलं. त्यांनी पट्ट्याची निसटलेली घडी आत खोचली.

"कसं बोलू? पहिल्या प्रवेशाला रोज विंगेत येऊन उभे राहता. मशीन सोडून. तीस वर्षांत एक दिवस चुकला नाहीत. तोंड असं उघडं टाकून बघता, जशी काही खरीच राजकन्या आलीय. म्हटलं, या माणसाला काय सांगू? तुमची राजकन्या दमली म्हणून?"

इंजिन बंद होतं, त्यामुळे एकन् एक शब्द स्वच्छ ऐकू येत होता. वायंडिंगच्या बाईंनी पिशवीत डोकं घातलं आणि तिथे नसलेलं काहीतरी बराच वेळ शोधलं. काकांना रडू येत होतं आणि हसूही येत होतं. दोन्ही एकदम आल्यामुळे त्यांनी थर्मासचं झाकण उघडून तिघांना चहा ओतला.

काकूंनी आपला पेला एका दमात संपवला. "बाई, लावा पुरते."

"एकशे पंच्याण्णवचं ठरलं होतं," काका पुटपुटले.

"पुरते म्हणजे पुरते. एक व्होल्ट कमी नको."

इंजिन पुन्हा सुरू झालं. बाईंनी स्क्रू फिरवायला घेतला. काका मीटरवर वाचत होते. एकशे नव्वद. दोनशे दोन. दोनशे अठरा. इंजिनाचा आवाज तसूभरही बदलला नाही. दोनशे तीसला बाईंनी हात काढला आणि तंबूच्या खटक्याकडे बोट दाखवलं. काकूंनी पदराला हात पुसले आणि त्या आत निघून गेल्या.

काकांनी खटका वर केला. तंबूच्या कापडातून पांढरा उजेड बाहेर फुटला. आत कुणीतरी "अरे बापरे" म्हणालं. काका सवयीनं विंगेतल्या आपल्या जागी जाऊन उभे राहिले.

रंगमंचाच्या मधोमध काकू उभ्या होत्या. रंग न लावता, पट्टे बांधलेले, घरचे कपडे. त्या उजेडात काही म्हणजे काही लपत नव्हतं. कपाळावरच्या आठ्या, हनुवटीखालची सैल कातडी, कानाजवळ पिकलेल्या बटा. पण काकूंनी मान वर केली, सावकाश दोन पावलं पुढे आल्या आणि रिकाम्या खुर्च्यांवरून अशी नजर फिरवली की खुर्च्या मांडणारा गडी हातातली खुर्ची तशीच धरून उभा राहिला. उड्या मारणाऱ्या राजकन्येत ही नजर काकांनी कधी पाहिली नव्हती. ती इतकी वर्षं कुठे होती, कोण जाणे.

धाकटे मालक आवाजाची पेटी तपासायला धावत आले होते. ते रंगमंचासमोर थबकले.

"काकू... तुम्ही आज जरा..."

"सत्तावन्न वर्षांची आहे रे बाळा."

मालकांनी एकदा दिव्यांकडे पाहिलं, एकदा काकूंकडे. डोक्यात काहीतरी जुळवत होते. यंदा राजमातेचं काम करणाऱ्या आजी निवृत्त झाल्यापासून ते काम नाइलाजानं हार्मोनियमवाला करत होता, दाढी घोटून, आणि त्याच्या भरड आवाजातल्या विलापाला लोक हमखास हसत.

"राजमातेचं काम..." मालक चाचरले. "आजच जमेल?"

"पाठ आहे. सगळ्यांचंच पाठ आहे मला."

हार्मोनियमवाल्यानं कोपऱ्यातून पांढऱ्या केसांचा टोप आणून काकूंच्या हातात इतक्या तत्परतेनं दिला, की सगळे हसले. सखीच्या पोरीला कुणीतरी हाका मारायला धावलं. ती आली ती थरथरत, आणि राजकन्येचं पहिलं वाक्य म्हणूनच आली.

मालक मशीनपाशी आले तेव्हा बाई पिशवी आवरत होत्या.

"काय झालं होतं हो?"

"व्होल्ट ठरवायचा स्क्रू हळूहळू खाली उतरत गेला होता," बाई म्हणाल्या. "बऱ्याच वर्षांत."

"असं होतं?"

"एखाद्याच मशीनचं होतं. बाकी मशीन उत्तम आहे. आणि माणूसही. बाहेरच्याला नको म्हणून कळवून टाका." मग त्यांनी तो रंगीत थरांचा तुकडा काकांच्या तळहातावर ठेवला आणि पिशवी खांद्याला लावली.

साडेसहाला पहिली घंटा झाली. मग दुसरी. तिसऱ्या घंटेला काका सवयीनं स्टुलावरून उठले, तंबूकडे दोन पावलं गेले आणि थांबले. आता विंगेत जाऊन कुणाला पाहायचं? आत टाळ्या पडल्या, राजकन्या आली असणार. पोरीचा आवाज खणखणीत होता. पेटीही खणखणीत होती. काका परत येऊन बसले. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांना ही जागा फार मोठी वाटली.

कनातीमागून आधी खुर्ची आली, मग पांढरा टोप, मग पायघोळ वस्त्रं दोन्ही हातांनी सावरणाऱ्या काकू. त्यांनी खुर्ची काकांच्या स्टुलाशेजारी उघडली आणि पाय लांब करून बसल्या.

"प्रवेश?" काकांनी ओरडून विचारलं. इंजिनापुढे ओरडल्याशिवाय इलाज नव्हता.

"राजमाता तिसऱ्या अंकात येते," काकूंनी ओरडून सांगितलं. "तोवर मोकळी आहे."

दोघं तंबूच्या कापडावर हलणाऱ्या सावल्या बघत बसले. मोठी सावली खिडकीतून उडी मारून गेली. काकूंनी स्वतःच्या गुडघ्यावरून हात फिरवला आणि समाधानानं सुस्कारा सोडला.

"इथे रोज एवढा आवाज असतो?"

"असतोच."

"आणि तीन-तीन तास एकटेच बसता?"

"मधे विंगेत यायचो की!"

"पाच मिनिटं," काकू म्हणाल्या.

मशीनवरच्या बल्बचा उजेड त्यांच्या चेहऱ्यावर पडला होता. काकांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि काहीतरी म्हटलं.

"काय?"

काकांनी पुन्हा म्हटलं.

"अहो, ऐकू येत नाही!"

"म्हटलं, छान दिसतेस!" काका गळा ताणून ओरडले. नेमक्या त्याच क्षणी आत रंगमंचावर सगळी पात्रं गप्प झाली होती. कनातीच्या फटीतून दिसलं, शेवटच्या रांगेतली चार डोकी वळून मागे पाहत होती.

"हळू बोला, प्रयोग चालू आहे," राजमाता म्हणाली. आणि हळू बोललेलं ऐकू यावं म्हणून तिनं खुर्ची आणखी जवळ ओढली.